जोखीम मोजायची की कमी करायची?

सुटलेला कैदी पुन्हा गुन्हा करील काय, याचा अंदाज अमेरिकेत आता संगणकाकडून मागविला जातो. वय, पूर्वीच्या अटका, रोजगार अशा बाबींवरून गुणांक निघतो. विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षा ठरविताना तो विचारात घेण्यास मुभा दिली. मात्र केवळ त्यावर विसंबू नये, असेही बजावले. हे बजावणे अगत्याचेच होते. गुणांक समूहाच्या अनुभवावरून काढलेला असतो, शिक्षा मात्र एकट्या माणसाला भोगावी लागते. शिवाय अटक म्हणजे गुन्हा नव्हे. ज्या वस्तीत पोलिसांचा राबता अधिक, तेथे अटकाही अधिक. बेकारी कैद्याच्या नावे मांडली जाते. त्याला काम नाकारणाऱ्या मालकासाठी मात्र त्या कोष्टकात रकाना नसतो!

जोखीम कमी करण्याचा दुसरा मार्ग महाराष्ट्राला परका नाही. मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे तटबंदीवाचून, शेती करीत, कुटुंबासह राहू लागले. यात धोका नव्हता असे कोण म्हणेल? पण संस्थानाने तो पत्करला, आणि स्वातंत्र्यानंतर राज्य शासनानेही ही वसाहत मोडली नाही.