दार बिघडले, घर शाबूत आहे



चांदवडच्या आपल्या वस्तीत कुठे कुठे आता सेकंडहँड संगणक दिसू लागला आहे. बाप हमाली करतो, आई कांद्याच्या चाळीवर मजुरीला जाते आणि मुलगी इंजिनिअरिंगला असते. तिला अभ्यासाला लिनक्स हवे, धाकट्याला टायपिंगच्या सरावाला विंडोज हवे. म्हणून एकाच यंत्रात दोन्ही घालतात. १४ ऑक्टोबर ही धम्मदीक्षेची तारीख आपण विसरत नाही. २०२५ साली त्याच तारखेला विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, म्हणून लिनक्सची गरज आणखी वाढली.

मग एके दिवशी विंडोज नव्याने घातले की लिनक्स दिसेनासे होते, किंवा काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे येतात. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आमचे सांगणे आहे, घाई करू नका! त्या डिस्कमध्ये जात पडताळणीचे कागद, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलीचा वर्षभराचा प्रकल्प असतो. फॉरमॅटमध्ये ते सारे जाईल.

आधी कारण शोधावे. बटण दाबल्यावर यंत्र प्रथम 'बूटलोडर' नावाचा छोटा कार्यक्रम शोधते. कोणती प्रणाली उघडायची ते हा द्वारपाल ठरवतो. लिनक्सच्या द्वारपालाचे नाव ग्रब. जुन्या यंत्रांत त्याची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते, म्हणून विंडोज ती सहज पुसते. नव्या यंत्रांत तो 'इएफआय' या वेगळ्या छोट्या भागात असतो. तिथे विंडोज बहुधा त्याला पुसत नाही, फक्त स्वतः रांगेत पुढे उभे राहते.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. यंत्र सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ वेगळी) दाबून बूटची यादी उघडा. तिथे उबुंटू किंवा तुमच्या लिनक्सचे नाव दिसले तर ते निवडा, आणि बायोसमध्ये त्याला पहिला क्रमांक द्या.

नाव नसेल तर त्याच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून सुरू करा. 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नको. सर्वांत आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. मग डिस्कवरचा लिनक्सचा भाग आणि इएफआयचा भाग जोडून, 'सीएचरूट'ने आत शिरून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' या आज्ञा द्याव्यात. यादीत विंडोज आले नाही तर घाबरू नका. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून (२०२१) दुसरी प्रणाली शोधण्याची सोय मुळातच बंद असते, ती ग्रबच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

एक सावधगिरी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर या खटाटोपानंतर ते ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती आधीच वहीत लिहून ठेवा.

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-दुरुस्तीने जगभरातील अनेक दुहेरी यंत्रांतले लिनक्स सुरू होईना. जुने, धोक्याचे बूटलोडर रोखण्याचा तो नियम दुहेरी यंत्रांना लागू व्हायचा नव्हता, पण काही यंत्रे दुहेरी आहेत हे त्याला ओळखता आले नाही. कंपनीचा कायमचा उपाय मे २०२५ मध्ये आला. तेव्हा आपल्या मुलीला 'तूच काहीतरी केलेस' म्हणून बोल लावण्यापूर्वी जरा थांबावे.

बंधू-भगिनींनो, विद्येची दारे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. आज घरात आलेले यंत्र केवळ न कळल्यामुळे पुसले जावे, हे बरे नाही. विहाराच्या कपाटात लिनक्सचा एक पेनड्राइव्ह ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर ज्याला येते त्याने, आणि जिला येते तिने, चार मुलांना हे करून दाखवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!