दिवा लावावयाचा तर तेल कोण देणार?

गेल्या बाजाराच्या दिवशीं आमच्या गांवचे एक शेतकरी गृहस्थ शाळेंत येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, पोरगं एकोणतीस वरसांचं झालं. सोळा-सतरा यत्ता झाल्या, तरी अजून विद्यापीठातच हाय. डाक्टर होणार म्हणतंय, पण सुई टोचता येत न्हाई. हे शिक्षाण हाय तरी कसलं?" आम्ही स्वतः ट्रेनिंग कॉलेजाच्या पुढें गेलों नाहीं. तरी हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जात आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें सर्वांकरितां देतों.

बांधवहो, शाळेंत व कॉलेजांत दुसऱ्यानें शोधलेलें ज्ञान शिकावयाचें असतें. पीएच.डी. म्हणजे जें अद्याप कोणास ठाऊक नाहीं तें पुराव्यानिशीं शोधावयाचें, त्याचा प्रबंध लिहावयाचा आणि बाहेरच्या परीक्षकांपुढें तो टिकवून दाखवावयाचा. ही रीत जर्मनींत वाढली. १८१० सालीं निघालेल्या बर्लिनच्या विद्यापीठानें तिला बळ दिलें. ऑक्सफर्डनें ती १९१७ सालीं उचलली. आपल्याकडे १८५७ मध्यें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं खरीं, पण तीं लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेऊन पदव्या देणारीं होतीं. संशोधनाची सोय फार उशिरां झाली. ज्यास तें करावयाचें त्यानें बहुधा समुद्र ओलांडावा. आपल्यापैकीं समुद्र ओलांडणार कोण?

ओलांडला तो बाबासाहेब आंबेडकरांनीं. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें लंडनला अभ्यास चालू असतां १९१७ मध्यें शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि तो अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. नोकरी करून पैसा सांठविला, शाहू महाराजांनीं हात दिला, मित्राकडून कर्ज घेतलें, तेव्हां १९२० मध्यें ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्यें तेथील डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यानंतर १९२७ मध्यें हातीं आली. एवढ्या बुद्धीच्या पुरुषाचा दिवासुद्धां तेल संपतांच विझूं लागला, मग आमच्या तुमच्या पोरांची काय कथा?

कोणी म्हणेल, जोतीरावांनींच १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें वरच्या शिक्षणावरील खर्चाबद्दल तक्रार केली व खेड्यांतील प्राथमिक शिक्षण मागितलें. खरें आहे. पण ती तक्रार अशी होती कीं, पैसा रयतेच्या घामाचा आणि लाभ मूठभर वरच्या वर्गाचा. आज रयतेचीं पोरें त्या पायरीवर पोहोंचलीं, आणि नेमकी तेव्हांच ती पायरी सरकारला महाग वाटूं लागावी, हा न्याय कोणता?

स्वराज्यांत १९५६ च्या कायद्यानें विद्यापीठ अनुदान आयोगास अधिकार मिळाले. १९८४ पासून परीक्षा घेऊन संशोधनाच्या शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत सुरू झाली. १ जानेवारी २०२३ पासून ही शिष्यवृत्ती आरंभीं दरमहा ३७,००० रुपये आहे. २०१४-१५ मध्यें देशांत पीएच.डी. करणारे १.१७ लाख होते, ते २०२१-२२ मध्यें २.१२ लाख झाले. त्यांत मुली सुमारें ९९ हजार. मात्र केंद्राची शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. म्हणून महाराष्ट्रांत बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांकडून मदत देण्याची सोय झाली. परंतु डिसेंबर २०२३ मध्यें विधान परिषदेंत याच मदतीची चर्चा निघाली असतां, पीएच.डी. करून हीं पोरें कोणते दिवे लावणार, अशा अर्थाचें बोलणें सरकारच्या बाजूनें झालें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आधीं तेल द्या आणि मग उजेड पडतो कीं नाहीं तें खुशाल मोजा!

आतां आपल्या पदरांतील खोटही सांगितली पाहिजे. प्रोफेसराच्या नोकरीस व बढतीस ही पदवी उपयोगी पडूं लागली, तेव्हां शोधासाठीं शोध करणारे थोडे आणि कागदासाठीं धांवणारे फार झाले. इकडचें तिकडचें उतरवून प्रबंध उभे राहूं लागले. म्हणून २०१८ मध्यें आयोगानें नियम केला. साठ टक्क्यांहून अधिक नक्कल सांपडली तर नोंदणीच रद्द होते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यास नेट, सेट यांसारखी परीक्षा पुरेशी मानली असून पीएच.डी.ची सक्ती काढली आहे. हें एका परीनें बरेंच झालें. पण नक्कल करणारे निघाले म्हणून सर्वांचीच मदत आखडावयाची, तर बांधावर तण माजलें म्हणून पिकाचें पाणी तोडण्यासारखें होईल.

सरकारनें शिष्यवृत्ती वेळेवर व नोंदणीच्या दिवसापासून द्यावी. आजच्या नियमांत किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षांची मुदत आहे. तेवढीं वर्षें उपाशीपोटीं शोध होत नाहीं. आईबापांनीं पोरास "कमावतोस कधीं?" एवढेंच न विचारतां "शोधतोस काय?" हेंही विचारावें. आणि पोरांनीं त्याचें उत्तर चावडीवर, आपल्या मराठींत द्यावें. शोधगंगा या ठिकाणीं देशांतले प्रबंध मोबाईलवरही वाचावयास मिळतात, पण शेतकऱ्यास समजेल असें लिहिलेलें त्यांत कितीसें सांपडेल?

आमच्या त्या गृहस्थांनीं घरीं जाऊन पोरास विचारलें. तो ज्वारीच्या खोडमाशीवर काम करतो. दुसऱ्या दिवशीं ते पुन्हा शाळेंत आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोंगेमर तर आमच्या रानात दरसाल पडतीया. मग हे त्यानं रानात येऊन आम्हाला का सांगितलं न्हाई?" याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. तें त्या मुलानें द्यावयाचें आहे.