वाढत्या धंद्याचा योगक्षेम

गेल्या अंकांत घरच्या जमाखर्चाच्या वहीविषयीं लिहिल्यावर दोघांतिघां वाचकांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: घरांत चाललेला भाजणी-मेतकुटाचा धंदा आतां वाढवावयाचा आहे, त्यासाठीं पैसा कसा उभारावा? एका घरीं तर राहतें घर गहाण ठेवण्याचा बेत ठरत आला असून वडील माणसें त्यास राजी नाहींत. तरुणांस हा भित्रेपणा वाटतो, वडिलांस तो अविचार वाटतो. आणि हिशेब मात्र अद्याप कोणीच मांडलेला नाहीं.

'योगक्षेम' हा आपला जुना शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, व जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. पूर्वजांनीं हीं दोन्हीं एकाच शब्दांत जोडून ठेविलीं, हें ध्यानीं धरून आंकड्यांकडे वळूं.

समजा, दरमहा १,००,००० रुपयांची विक्री आहे व डाळी, मसाला, मजुरी मिळून ८०,००० रुपये खर्च होतो. हा खर्च विक्रीपूर्वीं पंधरा दिवस रोख करावा लागतो आणि दुकानदार पंचेचाळीस दिवसांनीं पैसे देतात. म्हणजे घातलेला रुपया परत येण्यास दोन महिने लागतात, व १,६०,००० रुपये सदैव अडकलेले असतात. आतां विक्री तिप्पट करावयाची म्हणून २,००,००० रुपयांचें दळणयंत्र घेतलें. यंत्राची किंमत सर्वांस दिसते. परंतु अडकणारी रक्कम ४,८०,००० होणार, हें कोणी पाहत नाहीं. खरी गरज दोन लाखांची नसून ५,२०,००० रुपयांची आहे. मागणी भरपूर, वहींत नफा उत्तम, आणि डाळवाल्यास द्यावयास पैसा नाहीं, अशी जी अवस्था होते, तिचें मूळ येथें आहे.

म्हणून पहिला उपाय उधारी आवरण्याचा. दुकानदारांची मुदत तीस दिवसांवर आणली, तर हा फेरा दीड महिन्याचा होतो व तिप्पट विक्रीसही ३,६०,००० रुपये पुरतात. १,२०,००० रुपये व्याजावांचून मोकळे झाले! यास कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यान्वयें नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे, व करार नसल्यास पंधरा दिवसांपलीकडे थकवितां येत नाहींत; थकविल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिपटीनें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें.

दुसरा उपाय बँकेचा. यंत्रासाठीं हप्त्यांचें मुदतकर्ज घ्यावें. कच्च्या मालासाठीं, वापरूं तेवढ्यावरच व्याज पडणारी कॅश क्रेडिटची सोय घ्यावी. डाळीचा पैसा यंत्रांत गुंतवूं नये. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत दहा लाखांपर्यंतचें कर्ज तारणावांचून मिळूं शकतें. तेव्हां घराचे कागद बाहेर काढण्यापूर्वीं तेथें अवश्य चौकशी करावी. दोन लाखांचें कर्ज शेंकडा बारा व्याजानें पांच वर्षांत फेडावयाचें, तर हप्ता सुमारें ४,४५० रुपये होतो. विक्री अपेक्षेच्या निम्मीच झाली, तरी घरखर्च भागून तो निघेल काय, हा प्रश्न आधीं सोडवावा.

तिसरी गोष्ट, वाढ म्हणजे इमारत व यंत्र असेंच नव्हे. १९५९ सालीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. तेंच आजचें 'लिज्जत'. तेथें मळलेलें पीठ नेऊन भगिनी आपापल्या घरीं पापड लाटतात. त्यामुळें प्रत्येक नव्या सभासदाबरोबर काम करण्याची जागाही आपोआप वाढत गेली. आज त्या संस्थेच्या सभासद चाळीस हजारांहून अधिक आहेत.

राहिले दागिने आणि घर. स्त्रीधन हें स्त्रीच्या पूर्ण मालकीचें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं स्पष्ट केलें आहे. आणि २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तेव्हां कर्त्या पुरुषाच्या एकट्याच्या शब्दावर हें प्रकरण संपत नाहीं. चारचौघांत विचारल्यावर मुकाट्यानें पाटल्या उतरवून देणाऱ्या सुनेचें मौन ही संमति समजूं नये. तिनें खुषीनें दिल्याच, तर इतर सावकारांप्रमाणें तिचें नांव, वजन व परतीची तारीख वहींत लिहावी.

एका सायंकाळीं सर्वांनीं, लेकीसुनांसह, वही पुढें घेऊन बसावें. तरुणांनीं आंकडे वाचावे. वडिलांनीं 'आमच्या वेळीं असें नव्हतें' एवढें बोलून न उठतां प्रश्न विचारावे. हिशेब पटला तर त्यांनींच प्रथम आशीर्वाद द्यावा. न पटला तर तरुणांनीं एक वर्ष थांबावें, आणि त्या वर्षांत उधारी वसूल करावी.