आवर्तन

'आवर्तन' हा शब्द वर्गात उच्चारला की विद्यार्थ्यांना ताल आठवतो. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीसारख्या नीरेकाठच्या गावात तो कालव्याचा शब्द आहे: आवर्तन सुटले, आवर्तन लांबले, आवर्तन शेपटापर्यंत पोचलेच नाही. निरवांगीच्या बाजूची भिस्त नीरा डाव्या कालव्यावर, तर तालुक्याच्या दुसऱ्या भागाची खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावर. दोन्हींच्या वाटेवर इंदापूर शेवटी येते.

खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकात बांधले गेले ते पुण्याची तहान भागवावी आणि पूर्वेकडच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यालाही पाणी मिळावे, अशा दुहेरी हेतूने. पुणेकरांच्या स्मृतीत ते १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयाशी जोडलेले आहे. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून ही साखळी सुमारे २९ टीएमसीची झाली. शहर त्याहून वेगाने वाढले आणि दुहेरी हेतूतला दुसरा हेतू मागे पडत गेला.

पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवा, याविषयी आमचा वाद नाही. उसाने तहानेशी भांडू नये; आमच्या तालुक्यातला ऊस काही धुतल्या तांदळासारखा नाही. आमचा आक्षेप वेगळाच आहे. शहराने वापरले म्हणून पाणी संपत नाही. ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात, म्हणजे पुन्हा इंदापूरच्याच उंबरठ्यावर येते. नेताना निर्मळ नेलेले पाणी परत येते ते मैला घेऊन. शुद्ध करून परत देणे हे शहराचे औदार्य नव्हे, ती उसनवारीची फेड आहे. आणि पुण्याच्या कोट्याची चर्चा होते तेव्हा या फेडीचा हिशेब कोणी मांडत नाही.

२०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या कालव्यांसाठी उचलण्याची योजना पुढे आली, तेव्हा त्या पाण्याला नाव दिले गेले 'सांडपाणी'. पुण्याने सांडलेले, म्हणून कोणाच्या वाट्यातले नाही, असा तो युक्तिवाद! सोलापूरकरांनी तो मानला नाही, आणि त्यांचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. आदेश मे महिन्यातच रद्द झाला. भांडले ते खालचे दोघे. वरच्या शहराला कोणी जाब विचारला नाही.

उन्हाळ्यात उजनी ओसरली की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते. पुण्याहून गाड्या येतात, छायाचित्रे निघतात. त्याच दिवसांत निरवांगीच्या बाजूला लोक चारीवर जाऊन पाहून येतात, पाणी सुटले का ते.