चर खणताना सगळे, पाणी वाटताना कोण?

२०१८ च्या मे महिन्यात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे शेवटचे दिवस आणि रमजानचे पहिले रोजे एकत्र आले होते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही काही पोरं फजरची नमाज अदा करून, ऊन चढायच्या आत, टिकाव-फावडी घेऊन माळावर जायचो. शेजारी मराठा, वंजारी, बौद्ध, धनगर सगळेच चर खणत असायचे. ती सकाळ फार सुंदर होती, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

पाऊस आला, चर भरले, ओढ्याकाठच्या विहिरींना पाणी चढलं. मग त्या पट्ट्यात नवे बोअर पडले, ऊस वाढला आणि एका उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात पुन्हा टँकर आला. आमच्यातल्या बहुतेकांना शेत नाही. कोणी मिस्त्री आहे, कोणी हमाल, कोणी फळांचा गाडा लावतो. घाम सगळ्यांचा होता, पाणी मात्र ज्याच्या नावावर सातबारा त्याचं झालं.

हा एका माणसाचा दोष नाही. पाणी अडवायला आपण एकत्र आलो, ते कसं वापरायचं हे ठरवायला बसलोच नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात पाणलोट क्षेत्रनिहाय समितीची तरतूद आहे. शेती आणि उद्योगासाठीच्या ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनही आहे. पण समितीचा आग्रह धरणारं कोणी नसेल तर कायदा कागदावरच राहतो.

‘जमीन ज्याची, बोअरचा खर्च ज्याचा, पाणीही त्याचंच,’ असं काही जण म्हणतात. पण ते पाणी मुरलं कुठे? गायरानात, डोंगरउतारावर, सगळ्यांनी खणलेल्या चरात.

वेगळं करता येतं, हे पुरंदर तालुक्यातल्या नायगावने दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला. ऊस घ्यायचा नाही आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकायचा नाही, हे नियम सगळ्यांना लागू झाले.

आपल्या बीडचीही एक आठवण आहे. निजामशाहीत जहागीरदार सलाबत खानाने खजाना विहीर बांधवली. बांधकाम राजा भास्कर याच्या देखरेखीखाली झालं, असं सांगतात. जमिनीखालच्या कालव्याने तिचं पाणी बलगुजर भागातल्या शेतीला जाई. आपण तिथे जाऊन सेल्फी काढतो, ‘आपला वारसा’ असं लिहितो. वारसा जपायचा तर पाण्याच्या कामात आज आपली जागा कुठे आहे, हेही विचारायला हवं.

आणि इथे मला आपल्यालाच बोल लावायचा आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतली रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण बयानात अभिमानाने ऐकतो. पण गावातल्या पाण्याचा निर्णय होतो त्या ग्रामसभेला आपण किती वेळा गेलो? मी स्वतः त्या वर्षी एकदाही गेलो नाही. ‘आपलं कोण ऐकतं’ म्हणत घरी बसलो.

दोस्तहो, वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेला एकटे जाऊ नका. गल्लीतल्या बाया, शेजारचे भूमिहीन आणि पाण्याला वैतागलेला छोटा शेतकरी, सगळ्यांना सोबत घ्या. हंडा भरायला ज्या रांगेत उभ्या राहतात, त्या अम्मी आणि आपांना आधी बोलू द्या. मागण्या तीनच ठेवा : पावसाळा संपल्यावर गावाच्या पाण्याचा हिशेब सर्वांसमोर मांडावा, पिण्याचं पाणी आधी राखावं आणि पाणी समितीत भूमिहीनांना जागा मिळावी.

ही मुसलमानांची वेगळी मागणी नाही. त्या माळावर आपल्या शेजारी चर खणणाऱ्या प्रत्येकाची ती आहे.