मधली पायरी

गेल्या महिन्याच्या टपालांत पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांचे धाकटे दीर गेलीं वीस वर्षें कॅलिफोर्नियांत स्थायिक आहेत. दिरांच्या मुलास शाळा संपतांना बर्कले, लॉस एंजेलिस वगैरे ठिकाणीं प्रवेश मिळाला नाहीं, व त्यानें गांवांतल्याच 'कम्युनिटी कॉलेजां'त नांव घातलें. दोन वर्षांनीं तेथून विद्यापीठांत जातां येतें, असें तो म्हणतो. घरांत मात्र सुतक आल्यासारखें झालें आहे. आजोबांनीं फोनवर बजावलें कीं, ही गोष्ट नातलगांत बोलूं नये. आणि कोंकणांतील वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा विकून मुलास एखाद्या मोठ्या खासगी विद्यापीठांत धाडावें, असा बेत चालला आहे. 'भाऊसाहेबांच्या शब्दापुढें घरांत कोणी जात नाहीं. पण हें खरेंच आवश्यक आहे काय?' असें भगिनी विचारतात.

जमीन विकावी कीं ठेवावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु हा सारा व्यवहार ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूतच कच्ची आहे, आणि तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा. आपल्याकडे 'ज्युनिअर कॉलेज' म्हणजे अकरावी-बारावी. कॅलिफोर्नियांत पूर्वीं याच नांवानें ओळखलीं जाणारीं व आतां 'कम्युनिटी कॉलेज' म्हणविणारीं विद्यालयें बारावीच्या पुढचीं आहेत. पदवीच्या चार वर्षांपैकीं पहिल्या दोन वर्षांचें शिक्षण तेथें मिळतें. नातू पुन्हा अकरावीस बसला, अशी आजोबांची कल्पना झाली असल्यास नवल नाहीं.

त्या राज्यांतलें पहिलें असें कॉलेज १९१० सालीं फ्रेझ्नो येथें निघालें. आज त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. १९६० सालीं राज्यानें उच्च शिक्षणाची एक मोठी योजना मान्य केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क केर हे तिचे प्रमुख शिल्पकार. शाळा सोडणाऱ्यांपैकीं वरच्या साडेबारा टक्क्यांसाठीं हें विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशासाठीं राज्याचीं दुसरीं विद्यापीठें, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांस खुलें, अशी वांटणी ठरली. मग अठराव्या वर्षीं जो चाळणींतून खालीं पडला त्याचें काय? योजनाकारांनीं हा प्रश्न टाळला नाहीं. विद्यापीठानें खालच्या दोन वर्षांत विद्यार्थी कमी घ्यावे व वरच्या दोन वर्षांत अधिक, असें प्रमाणच त्यांनीं घालून दिलें, म्हणजे तिसऱ्या वर्षीं बाहेरून येणाऱ्यांस जागा राहील. बाहेरून येणाऱ्यांतही राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांचा विचार प्रथम होतो. यास मागलें दार म्हणणें अन्यायाचें आहे. घराचा नकाशा काढतांनाच हा जिना आंखलेला होता.

आतां पैशाची गोष्ट. राज्याच्या रहिवाशांस कम्युनिटी कॉलेजांत दर युनिटास ४६ डॉलर फी पडते. (युनिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचें माप.) तिसऱ्या वर्षांत जाण्यास अशीं ६० युनिटें लागतात, तेव्हां दोन वर्षांची फी तीन हजार डॉलरांच्या आंत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियांत रहिवाशास एका वर्षासच चौदा हजारांच्या वर द्यावे लागतात, आणि मोठ्या खासगी विद्यापीठांची गोष्ट त्याच्याही कितीतरी पुढें. मुलगा घरीं राहून शिकला तर खोलीचें भाडें वांचतें तें निराळें. कोंकणांतलें शेत विकून जें विकत घ्यावयाचें, तें एवढ्यावर मिळण्याजोगें आहे.

मात्र स्वस्त आहे म्हणून तें सोपें आहे, असें कोणी समजूं नये. विद्यापीठांत जाण्याचा संकल्प करून या कॉलेजांत आलेले पुष्कळजण तेथवर पोंचतच नाहींत. बुद्धि कमी पडली असेंही नेहमीं नसतें. पुष्कळदां हिशेब चुकलेला असतो. ज्या मुलास अभियांत्रिकी शिकावयाची आहे त्यास कलनशास्त्राचे एकापुढें एक असे तीन-चार अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. पहिला झाल्याविना दुसरा घेतां येत नाहीं, आणि पदार्थविज्ञान पुन्हा त्यांवरच अवलंबून. पहिल्या सत्रांत 'जरा सोपे विषय घेऊन बघूं' म्हणून गणित बाजूस ठेवलें, कीं साखळीची एक कडी मागें पडली व दोन वर्षांचीं तीन झालीं. शिवाय कॉलेजांतला प्रत्येक विषय विद्यापीठ मानतेंच असें नाहीं. कोणता विषय कोठें कशाच्या तोडीचा धरतात, हें 'असिस्ट' नांवाच्या सरकारी यादींत पाहावयास मिळतें. ती यादी पहिल्या दिवशीं उघडावी. दुसऱ्या वर्षीं उघडणारे फार, आणि त्यांची फजिती ठरलेली.

हाताशीं दोन वर्षें आहेत, ही समजूत तर त्याहून घातक. ऑगस्ट-सप्टेंबरांत कॉलेज सुरू झालें, कीं पुढल्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर विद्यापीठाचा अर्ज भरावयाचा असतो. त्या वेळीं दाखविण्याजोगे गुण असतात ते एका वर्षाचे, फार तर एका उन्हाळी सत्राचे. तिसऱ्या सत्राचे गुण जानेवारींत कळवावयाचे. म्हणजे नांवाला दोन वर्षें; परीक्षा पाहिली जाते ती पहिल्या वर्षाची. आमच्या मास्तरकींत आम्हीं हा प्रकार निराळ्या रूपानें पाहिला आहे: पहिलें वर्ष खेळांत घालवून शेवटच्यांत रात्रीचा दिवस करूं म्हणणारे विद्यार्थी. येथें रात्रीचा दिवस करण्याच्या आधींच पत्रिका रवाना झालेली असते.

एक सोय अवश्य ध्यानांत ठेवावी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा ठिकाणीं ठराविक गुण व विषय पुरे करणाऱ्यास प्रवेशाची हमी मिळते. अर्ज सप्टेंबरांत, व तो सहांपैकीं एकाच ठिकाणीं. कांहीं विषय या हमींतून वगळलेले आहेत, ते आधीं पाहून घ्यावे. बर्कले, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो अशी हमी देत नाहींत. चारांपैकीं २.४ ही रहिवाशांस लागणारी गुणांची किमान सरासरी आहे खरी, पण तेवढ्यावर या तिहींच्या दारीं उभें राहणें म्हणजे कोऱ्या कागदानें पेपर देणें. हमीचा अर्ज एकीकडे व साधे अर्ज इतरत्र, असें दोन्ही करतां येतें. आणि तेंच शहाणपणाचें.

मोठ्यांचे दाखले देऊन मुलांस भरीस घालण्याची रीत आम्हांस फारशी रुचत नाहीं. तथापि आजोबांसाठीं एक देतों. मानवी जनुकांच्या वाचनांत ज्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें, ते क्रेग व्हेंटर शाळेंत सुमार विद्यार्थी होते. व्हिएतनाममध्यें नौदलाच्या वैद्यकीय सेवेंत राहून परतल्यावर ते सॅन मेटिओच्या अशाच कॉलेजांत दाखल झाले, तेथून सॅन डिएगोस गेले, आणि १९७२ सालीं पदवीधर झाले.

भाऊसाहेबांची ती आज्ञा, कीं कोणांस सांगूं नका, आम्हांस जमिनीच्या विक्रीहूनही अधिक चिंतेची वाटते. ज्यास आपल्या विद्यालयाची लाज वाटते तो मुलगा तेथें मान वर करून वावरत नाहीं. तो सल्लागाराकडे जात नाहीं, तास संपल्यावर प्राध्यापकांपाशीं थांबत नाहीं, बरोबरीच्या मुलांत बसत नाहीं. तास झाला कीं घर गांठतो. आणि या मार्गावर तर विचारल्याविना पाऊल पडत नाहीं. चुलत भावाच्या लग्नांत त्यास कोणी 'हल्लीं काय करतोस?' असें विचारलें, तर त्याच्या वतीनें आजोबांनींच कॉलेजाचें नांव मोठ्यानें सांगावें. त्यांचें वय व मान पाहतां पुढें कोणी कांहीं बोलणार नाहीं.

प्रवेश मिळाल्यावरची अडचण पत्रांत नाहीं, पण ती येणार. एप्रिलअखेरपर्यंत निकाल लागतो, १ जूनपर्यंत होकार कळवावा लागतो, आणि शरदांत मुलगा अशा वर्गांत जाऊन बसतो जेथें इतरांची दोन वर्षांची मैत्री जमलेली आहे. एकाच गुरूपाशीं शिकणाऱ्यांस आपल्या जुन्या भाषेंत 'सतीर्थ्य' म्हणत. तेच याच्यापाशीं नसतात. बर्कले व मर्सेड सोडल्यास बहुतेक ठिकाणीं सत्र दहा आठवड्यांचें असतें. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत पहिली परीक्षा येऊन उभी राहते, आणि कॉलेजांतला हुशार मुलगा एकाएकीं मध्यम ठरतो. पहिल्या सत्रांत गुण घसरणें तेथें इतकें नित्याचें आहे कीं, त्यास स्वतंत्र नांवच पडलें आहे. त्या दिवसांत पुण्याहून फोन गेला, तर गुणांची चौकशी करूं नये. जेवलास काय, कोणी सोबती मिळाला काय, एवढें विचारावें. बदलीनें आलेल्यांसाठीं पुष्कळ ठिकाणीं निराळें केंद्र असतें; तेथें पहिल्याच आठवड्यांत जाऊन ये, असें भगिनींनींच त्यास सांगावें. काकूचें तो ऐकेल असें पत्रावरून वाटतें.