फिती उरल्या तर आवाज उरेल

कॅन या जर्मन बँडचा 'टागो मागो' हा अल्बम 1971 मध्ये आला. कोलोनजवळच्या एका जुन्या गढीत ही मंडळी तासन्‌तास वाजवत. त्यांच्यातले होल्गर चुकाय मग ध्वनिमुद्रणाच्या फिती कापून-जोडून गाणी घडवत. न वापरलेल्या फितीही राहिल्या, म्हणून 2012 मध्ये 'द लॉस्ट टेप्स' निघू शकला.

अशा जर्मन प्रयोगांवरचा हा अंक जुळवताना राहून राहून तमाशाचं नारायणगाव आठवत होतं. पाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. भाऊ-बापू मांग यांच्या घराण्यातल्या विठाबाईंना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपती पदक मिळालं. 2002 मध्ये त्या गेल्या. पण तमाशा रात्रभराचा. गण, गवळण, बतावणी, मग वग. ढोलकीवाला आणि हलगीवाला रंगले की पहाटच व्हायची. तबकडीच्या चार-पाच मिनिटांत ते मावणार कसं? तो उत्स्फूर्त, लांबलचक खेळ आमच्या मते जर्मन प्रयोगांहून तसूभरही कमी धाडसी नव्हता.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांनो, जत्रेत कुणी टेपरेकॉर्डर लावून भरलेली कॅसेट माळ्यावर असेल, तर ती भंगारात देऊ नका. आम्हाला कळवा.